पांढरी पूड

गेल्या वर्षी एका मेंदीच्या समारंभात माझ्या चुलतबहिणीचा मुलगा शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मावशी, तू इतकी वर्षे नर्स होतीस. ही पूड फ्रीजमध्ये किती दिवस टिकेल?" त्याने फोनवर फोटो दाखविला. बोटाएवढी काचेची कुपी, तळाशी पांढरी पूड आणि लेबलावर बारीक अक्षरांत 'केवळ संशोधनासाठी'. वजन उतरविण्यासाठी कोठूनसे टपालाने मागविलेले पेप्टाइड! मी त्याला प्रथम बजावले की, हे अंगात टोचायचे नाही. आत खरोखर काय आहे आणि ते निर्जंतुक आहे की नाही, याची हमी कोणाचीच नाही. पण त्याचा प्रश्न मनातून जाईना. त्याचे उत्तर मी एकदा फार महागात शिकले आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहानशी साखळी. मधुमेही माणसाची साखर एकाएकी उतरून तो बेशुद्ध पडला की ग्लुकागॉन देतात. त्याची साखळी २९ अमिनो आम्लांची. पाण्यात ते फार वेळ नीट राहत नाही, त्याचे तंतू बनतात. म्हणून आमच्या वॉर्डात पूड कुपीत आणि पाणी वेगळ्या सिरिंजमध्ये असे. आयत्या वेळी मिसळायचे, उरले ते फेकायचे. (आता तयार द्रवही मिळतो.) ही पूड करताना द्रावण गोठवितात आणि निर्वात पेटीत त्यातल्या बर्फाची, मध्ये पाणी न होता, सरळ वाफ करून काढून टाकतात.

नोकरीची शेवटची काही वर्षे मी वॉर्ड सोडून एका इस्पितळाच्या संशोधन विभागात होते. उणे २० अंशांच्या फ्रीजरची किल्ली माझ्याकडे. तेथे डॉक्टरेट करणाऱ्या एका तरुणाचे पेप्टाइड असे. दर रविवारी मी कुपी काढी, लगेच बूच उघडी, थोडी पूड तोलून देई आणि कुपी परत आत ठेवी. वॉर्डातली सवय, हात भराभर चालायचे! दोन महिन्यांनी त्याच्या पेशी उत्तर देईनात. तो रात्री थांबून सारे पुन्हा करी. शेवटी पूडच तपासली, तर यंत्राच्या आलेखावर मुख्य शिखराशेजारी दुसरे लहान शिखर निघाले, आणि त्याचे वजन बरोबर १६ने जास्त. म्हणजे साखळीतल्या मेथायोनिनला ऑक्सिजनचा एक अणू चिकटला होता.

पूड मात्र पहिल्या दिवसासारखीच पांढरीशुभ्र!

ऑगस्टचा महिना, किनाऱ्यावरचे गाव, हवा घामट. थंडगार कुपी उघडली की आतल्या पुडीवर हवेतले बाष्प धरते, आणि ओल आली की हवेतल्या ऑक्सिजनचे फावते. अलिबागला आमची आई पावसाळ्यात पापडाच्या डब्याला कोणाला हात लावू देत नसे. मी त्याच घरात वाढले, १९७६ साली एस.एस.सी. होऊन पुढे इथे आले, आणि एवढी साधी गोष्ट मला सुचू नये!

दोन दिवस मी गप्प होते. कोणाला संशय आला नव्हता. त्या मुलाने पूड विकणाऱ्याला दोष देणारे पत्रही लिहायला घेतले होते. तिसऱ्या दिवशी मी त्याला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते पत्र फाडायला हवे."

नवी पूड आल्यावर आम्ही ती पहिल्याच दिवशी कोरड्या हवेत बारा लहान कुप्यांत वाटली, म्हणजे एक कुपी एकदाच उघडायची. फ्रीजरमधून काढली की बंदच सिलिका जेलच्या पेटीत तासभर ठेवायची, हाताला थंड लागेनाशी झाली की मगच बूच काढायचे. अशी सांभाळली तर बहुतेक पूड वर्षानुवर्षे टिकते. पाण्यात मिसळली की हिशेब दिवसांवर येतो, आणि पुन:पुन्हा गोठवून वितळविली तर तेवढेही नाही. घरचा आपोआप बर्फ वितळविणारा फ्रीजर तर या कामाचाच नव्हे, तो मधूनमधून स्वतःच गरम होतो.

हे सगळे मी भाच्याला मेंदीच्या गोंगाटात सांगितले. त्याने विचारले, "मग माझी बिघडली असेल का?"

"पाहून मला नाही सांगता येणार," मी म्हटले, "आणि तुलाही नाही."

चार दिवसांनी तो कुपी घेऊन घरी आला. ती मी औषधांच्या दुकानातल्या टाकाऊ औषधांच्या पेटीत टाकली.