गटारीचा बाजार, डेव्हन ॲव्हेन्यूवर

शिकागोच्या उत्तर भागात डेव्हन ॲव्हेन्यू नावाचा लांबलचक रस्ता आहे. त्याच्या एका तुकड्याला शहरानं मानाचं नाव दिलंय गांधी मार्ग, तर दुसऱ्या तुकड्याला महंमद अली जिना यांचं. शेख मुजीब यांच्या नावाची पाटी आहे आणि गोल्डा मेयर यांच्याही नावाची. पुण्या-मुंबईत एवढ्या पाट्या एका रस्त्यावर लावायच्या म्हटल्या, तर पहिली पाटी लागायच्या आधीच मोर्चा निघेल. इथे लोक त्या पाट्यांखाली गाडीला जागा मिळते का, एवढंच बघतात. शनिवारी ती मिळत नाही. रेड लाइनवरच्या लोयोला स्टेशनाबाहेरून १५५ नंबरची बस पकडावी आणि पिशव्या सांभाळत उतरावं, हेच शहाणपणाचं.

हा मूळचा ज्यू वस्तीचा भाग. अमेरिकेनं १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला, आशियातून डॉक्टर-इंजिनियर यायला लागले आणि त्यांच्यामागोमाग डाळ-तांदूळ आले. मफत पटेल आणि तुळशी पटेल या भावांनी १९७४ मध्ये याच रस्त्यावर एक लहानसं दुकान थाटलं. ‘पटेल ब्रदर्स’ची दुकानं आज अमेरिकेत पन्नासच्या वर आहेत. पुढे गुजरात्यांच्या शेजारी हैदराबादी आले, पाकिस्तानी आले, बांगलादेशी आले. मराठी दुकान मात्र मला या रस्त्यावर कधी दिसलं नाही. आपण इथे गिऱ्हाईक.

आणि गिऱ्हाईक म्हणूनही जरा अवघड. मराठी घराचं एका दुकानात भागत नाही. कोरडं सामान गुजराती दुकानात, मटण हलालवाल्याकडे, मासळी बांगलादेशी फ्रीजरात. इतर दिवशी यातलं एखादं टळतं. गटारीला मात्र सगळं लागतं.

२०२३ ची गटारी म्हणजे जुलैच्या मध्यावरचा सोमवार. सोमवारी कामावरून येऊन रस्सा कोण करणार? त्यामुळे डेव्हनवर मराठी मंडळी आधीच्या शनिवारीच उतरली होती. ती ओळखू येतात. गुजराती दुकानात गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी कुठल्या फळीवर आहे हे न विचारता जी बाई तिथपर्यंत पोचते, ती आपली. बेडेकरांचा मसाला मिळतो, कोकम मिळतं, चितळ्यांची बाकरवडी मिळते. आंबेमोहोर मिळाला तर मिळाला. बाकी फळ्यांवर अमेरिकेतल्याच भारतीय कंपन्यांचं राज्य आहे. ‘लक्ष्मी’च्या डाळी न्यूयॉर्कच्या ‘हाउस ऑफ स्पाइसेस’च्या, ‘स्वाद’ ही पटेलांचीच, आणि ‘दीप’ ही न्यू जर्सीत भगवती अमीन यांनी १९७७ साली घरातल्या स्वयंपाकघरातून सुरू केलेली. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला यातलं कुणीच नीट करत नाही, हे माझं मत. तो गावाहून बॅगेत, तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळूनच यावा लागतो.

कढीपत्ता इथे विकत घ्यावा लागतो, याचा राग माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत होता. मूठभर पानांची पिशवी, तिला डॉलरात किंमत. मंडईत भाजीवाली कोथिंबिरीबरोबर चार काड्या अशाच टाकते ना! पण यामागे कारण आहे. लिंबू-संत्र्याच्या बागा संपवणारा ‘सिट्रस ग्रीनिंग’ नावाचा रोग ज्या इवल्याशा किडीतून पसरतो, ती कढीपत्त्याच्या झाडावर सुखानं वाढते. म्हणून या झाडाची आणि पानांची ने-आण अमेरिकेत कडक नियमांत बांधलेली आहे. फ्लोरिडाच्या संत्र्यांची या रोगानं काय दशा केली ते वाचलं, तेव्हा माझी कुरकुर थांबली. सासूबाईंची थांबली नाही.

दुसरी गंमत मोहरीच्या तेलाची. बाटलीवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘फक्त बाह्य वापरासाठी’. या तेलात इरुसिक आम्ल जास्त असतं म्हणून अमेरिकेचं अन्न-औषध खातं ते खाण्याचं तेल म्हणून येऊ देत नाही. ते मालिशचं तेल म्हणून येतं आणि खाण्याच्या तेलांच्या रांगेत बसतं. बंगाली गिऱ्हाईक दोन-दोन बाटल्या उचलतं. एवढी मालिश कोण करून घेतं, असं कॅशियर कधी विचारत नाही.

रस्ता ओलांडला की हलाल दुकान. दारातच कांद्याची पोती, मग बासमतीच्या थप्प्या, मागे काचेआड मटण. शनिवारी दुपारी तिथे नंबराची चिठ्ठी घेऊन उभं राहावं लागतं. रांगेत कामाच्या निळ्या कपड्यांतली नर्स असते, टॅक्सीवाला असतो, लग्नाच्या जेवणाची ऑर्डर घेऊन आलेला केटरर असतो. आणि त्या शनिवारी तर आपली बरीच माणसं. काउंटरमागचा खाटीक हैदराबादचा. डेव्हनच्या आसपास हैदराबादी पुष्कळ, त्यामुळे दखनी कानावर पडतेच.

“क्या होना बाजी? रान देऊं के दस्ती?”

रान म्हणजे मागची तंगडी, दस्ती म्हणजे पुढची. ही दोन नावं आणि चाप, सीना, नळी एवढं येत असलं की इथे अडत नाही. पांढऱ्या रश्श्यासाठी हाडं हवीत, त्यांचं अळणी पाणी निघालं पाहिजे, हे मी त्याला एकदा समजावलं होतं. तेव्हापासून मान आणि नळ्या तो स्वतःहून बाजूला काढतो. बोटी किती मोठी हवी ते हाताच्या पेरावर दाखवायचं. मग तो मांस विजेच्या करवतीखाली सरकवतो. ताज्या बोकडाला सुरा लागतो, पण गोठलेल्याला करवतच. आणि गोठलेलं बहुतेक ऑस्ट्रेलियाचं. बोकडाच्या मांसाच्या निर्यातीत तो देश जगात पुढे आहे आणि अमेरिका त्याचं मोठं गिऱ्हाईक. तिकडच्या माळरानांवर मोकाट चरणारे बोकड पकडून कापतात. त्यामुळे मटणाला जरा रानटी वास असतो, शिजायलाही वेळ जास्त. जाणकार बायका ‘ताजा क्या है’ एवढंच विचारतात.

काचेवर एक प्रमाणपत्र चिकटवलेलं असतं आणि ते वाचणारी माणसं असतात. कोंबडीवर ‘हातानं कापलेली’ असं लिहिलंय का, हे ती पाहतात, कारण मोठ्या कारखान्यांत कोंबड्या साखळीला उलट्या टांगून फिरत्या पात्यापुढून नेतात. अशी कोंबडी चालते असं काही उलेमांचं मत, तर प्रत्येक पक्ष्यावर माणसाचाच हात आणि माणसाच्याच तोंडचं अल्लाचं नाव हवं असं इतरांचं. तरुण पाकिस्तानी नवरा-बायकोचा यावर काउंटरपुढेच वाद झालेला मी ऐकलाय. नंबर त्यांचा होता आणि मागे रांग वाढत होती. ज्यूंच्या कोशर मांसाचंही साधारण असंच आहे. माणूस ठरलेला, सुरा तपासलेला. अमेरिकेच्या १९५८ च्या कत्तलीविषयीच्या कायद्यात धार्मिक पद्धतीला स्पष्ट मान्यता आहे, त्यामुळे दोघांनाही कायद्याची अडचण नाही.

आणि आपल्याला? रांगेतल्या एका तरुण मुलानं मला हळूच विचारलं, “काकू, आपण हलाल घेतो का?” मी म्हटलं, तुझ्या पणजोबांनी काय खाल्लं असेल असं तुला वाटतं? महाराष्ट्राच्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. बकरं हलाल करणं हे त्याचं काम आणि त्याबद्दल सुगीत त्याला धान्याचा वाटा. जत्रेचं बकरं मुलाण्याच्या हातचं, हे देशावरच्या कितीतरी हिंदू घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा झाली, तेव्हा मला तो मुलगा आठवला. ज्याला जे हवं ते त्यानं खावं. पण हलाल मटण आपल्या पंक्तीत कालपरवा घुसलं असं कुणी सांगू लागलं, तर ते खोटं आहे.

मटण कापून होईपर्यंत फळ्या बघण्यासारख्या असतात. ‘शान’ मसाल्याचे खोके एका बाजूला, कराचीत १९८१ साली सुरू झालेले. त्यांना खेटून ‘एमडीएच’ आणि ‘एव्हरेस्ट’. मे २०२५ पासून भारतानं पाकिस्तानी मालाची सगळी आयात बंद केली आहे, आडमार्गानं येणारीसुद्धा. इथे निहारीला शान आणि छोल्यांना एमडीएच एकाच गाडीत पडतात.

रूह अफ्जाची कथा तर फाळणीचीच आहे. हकीम अब्दुल मजीद यांचं दिल्लीतलं ‘हमदर्द’. त्यांचा थोरला मुलगा दिल्लीतच राहिला, धाकटे हकीम महंमद सईद १९४८ साली कराचीला गेले आणि तिथे त्यांनी दुसरं हमदर्द काढलं. दोन्हींकडे तेच लाल सरबत, तेच नाव. भारतात ॲमेझॉनवर कराचीची बाटली विकली जात होती म्हणून भारतातलं हमदर्द कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती हटवायला लावली. डेव्हनवर रमजानच्या आधी दारातच या बाटल्यांचा मनोरा लागतो. माझी शेजारीण पाकिस्तानी, तिला विचारलं की म्हणते, बाटली उलटी करून पत्ता वाचायला वेळ कुणाला आहे, इफ्तारला उशीर होतो.

बासमतीवरून तर दोन्ही देश युरोपात भांडताहेत. हे नाव फक्त आमचं, असा अर्ज भारतानं २०१८ मध्ये केला आणि पाकिस्ताननं त्याला हरकत घेतली. दुकानात मात्र त्या शनिवारी तांदळाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. पुढच्याच गुरुवारी, २० जुलैला, भारतानं बासमती सोडून बाकी पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि रविवारपर्यंत अमेरिकेतल्या भारतीय दुकानांतून सोना मसुरी उडाली. लोकांनी दहा-दहा पोती गाडीत घातली. मग ‘एका कुटुंबाला एकच’ अशा पाट्या लागल्या. बंदी उठायला सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर कुणाच्या तळघरातला तांदूळ संपला आणि कुणाच्या तांदळाला पोरकिडे लागले, हे मंडळाच्या गणपतीत कळायचंच.

मासळीसाठी बांगलादेशी दुकान गाठावं लागतं, कारण आपल्या मासळीचे खरे भाऊबंद बंगालचे. फ्रीजरात हिल्सा, रोहू, आणि ‘लोइट्टा’ नावाखाली आपले बोंबील, बर्फाच्या विटेत गोठलेले. ते सुटे करताना निम्मे मोडतात. त्यापेक्षा सुके घ्यावेत. सुक्या मासळीच्या फळीशी त्या दिवशी एक रोहिंग्या बाई उभ्या होत्या. म्यानमारमधून आलेली ही मंडळी या भागात पुष्कळ आहेत, डेव्हनवरच २०१६ पासून त्यांचं सांस्कृतिक केंद्र आहे. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांनी एका पाकिटाचा वास घेऊन नाक मुरडलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. मी तेच घेतलं.

मटण न्यायला परत गेले, तेव्हा खाटकानं विचारलं की आज तुमच्यातले एवढे लोक कसे आणि पुढच्या महिन्यात कुठे गायब होता. मी त्याला श्रावण सांगितला. वर हेही सांगितलं, की यंदा अधिक महिना आहे, म्हणजे श्रावण दोन. आपलं पंचांग सूर्याशी जमवून घ्यायला साधारण पावणेतीन वर्षांनी एक महिना वाढवतं, तर त्याचं कॅलेंडर तो वाढवत नाही. म्हणूनच रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. हे त्याला लगेच पटलं. मग हिशेबाचा प्रश्न आला.

“मतलब दो महिने नै आते तुम लोगां?”

काही घरं दोन्ही पाळतात, म्हटलं, आमच्याकडे फक्त निज श्रावण. त्यानं मान हलवली, फ्रीजर उघडला आणि खिम्याची आणखी दोन पाकिटं तोलायला काढली.