फोर-व्हील ड्राईव्ह ट्रॅक्टरचे टायर : माझी चूक तुम्ही करू नका



या आठवड्यात दोघांचे फोन आले. दोघांचा प्रश्न एकच : "ट्रॅक्टरचे मागचे टायर गोटा झालेत, आता बदलायचेच आहेत तर एक नंबर मोठे टाकू का?" ट्रॅक्टर टू-व्हील असेल तर फारसं बिघडत नाही. फोर-व्हील ड्राईव्ह असेल तर आधी हे वाचा, मग दुकानात जा. यात माझे पैसे गेले ते गेले, पण एका माणसावर माझ्या हातून अन्याय झाला. तोही लिहितो, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील.

आमची जमीन सेलू तालुक्यात, दुधनेच्या अंगाची. भारी काळी. पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल तिथंच राहते आणि उन्हाळ्यात भेगात काठी जाते. अशा जमिनीत पाऊस पडून गेल्यावर टू-व्हील ट्रॅक्टर जागेवर चाक फिरवत बसतो. म्हणून पंचेचाळीस एचपीचा फोर-व्हील घेतला. पुढं ८.००-१८ आणि मागं १३.६-२८ टायर, कंपनीतून आले तसे. ज्यांना हे आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : १३.६ म्हणजे टायरची रुंदी इंचात आणि २८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. टायरच्या अंगावर लिहिलेलं असतं, माती पुसली की दिसतं.

पाच हंगाम झाले तसे मागचे टायर घासले. मे महिन्यात बदलायला गेलो. दुकानदार म्हणाला, "याच रिमवर १४.९-२८ बसतो. जोडीमागं थोडेच पैसे जास्त, पण ओढ बघा." मला पटलं. रुंद टायर, जास्त पकड, आणखी काय पाहिजे? पुढचे टायर अर्धेअधिक घासलेले होते, पण "ते अजून एक साल जातेत" म्हणून तसेच ठेवले. ट्रॅक्टर मागून उंच, भारदस्त दिसायला लागला. गावात दोघांनी विचारलं, नवा घेतला का? मी खुश.

त्या साली आमच्याकडं एक सालगडी होता. तोच ट्रॅक्टर चालवायचा. हाताला हलका, मशीनला जपणारा. जुलैमध्ये तो म्हणाला, "दादा, फोर-व्हीलचा लिव्हर जड निघायला लागलाय." मी म्हणालो, "ग्रीस मार." ऑगस्टमध्ये पुन्हा म्हणाला, "रिव्हर्स घेतल्याबिगर लिव्हर निघतच नाही. आणि पुढचे टायर लई घासायलेत." मी म्हणालो, "जुनेच हेत ते, घासतीलच." दोन वेळेस माणूस सांगत होता. मी दोन्ही वेळेस वर बघून बोललोसुद्धा नाही.

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं. रानात चांगला वाफसा होता. परभणी मोती ज्वारी पेरायची होती. रब्बीच्या ज्वारीचं तुम्हाला माहीतच आहे, जमिनीतल्या ओलीवर सगळा खेळ. एक रान उरकून दुसऱ्या रानात जायला मधी दीड-दोन किलोमीटर डांबरी रस्ता आहे. तिकडं पोचला आणि दुसऱ्याच तासाला पुढून कडकड आवाज आला. पुढच्या एक्सलमधल्या गिअरचे दात तुटले.

मी गेलो तेव्हा लिव्हर फोर-व्हीलमध्येच होता. विचारलं, "रस्त्यानं फोर-व्हीलमध्ये आणला का?" तो म्हणाला, "हो दादा, लिव्हर निघत नव्हता. पेरणी थांबू नये म्हणून आणला." पुढचं मी ऐकलंच नाही. संध्याकाळी मारुतीच्या पाराजवळ, दहा माणसांसमोर त्याला बोललो. दुसऱ्याच्या मशीनची किंमत नसते म्हणालो. दुरुस्तीला चाळीस हजारांच्या वर लागले, त्यातले दहा हजार त्याच्या सालातून कापले. तो काही बोलला नाही. दिवाळीच्या आधी साल सोडून गेला. मधल्या दिवसात कोण सालानं ठेवतंय? बायको-लेकरांना घेऊन तो ऊसतोडीला गेला.

सामान यायला आठ दिवस लागले. तोवर वरची ओल उडाली. उरलेलं रान भाड्याच्या ट्रॅक्टरनं पेरलं, उगवण तुरळक झाली. जिथं बी ओलीत पडलं तिथंच ताटं दिसली. त्याचाही राग मी मनातल्या मनात त्या गड्यावरच काढत होतो.

फेब्रुवारीत हरभरा निघाल्यावर मी स्वतः रोटावेटर मारायला बसलो. नवीन गिअर, नवीन ऑइल. दोन-तीन दिवसांनी रानातून बाहेर निघताना फोर-व्हील काढायला गेलो तर लिव्हर हलेना. दोन्ही हातांनी ओढला, हलेना. पाच-सहा फूट मागं घेतला, मग खट्ट करून निघाला. मी तसाच सीटवर बसून राहिलो. आता तर चालवणारा मीच होतो.

ज्यानं एक्सल दुरुस्त केलं त्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मागचे टायर कवा बदलले? पुढचे का नाही बदलले?"

आमच्या गावातला एक पोरगा परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीला शिकतो. रविवारी तो घरी आला होता. त्यानं रानातच मोजून दाखवलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जसं समजलं तसं सांगतो.

फोर-व्हील घातलं की पुढची आणि मागची चाकं गिअरनं एकमेकांना बांधली जातात. आमच्या ट्रॅक्टरमध्ये मागचं चाक २० फेरे फिरलं की पुढचं चाक ३२ फेरे फिरतं. हे दातांचं गणित आहे. टायर कोणताही टाका, ३२ चे ३२ च राहणार. पण जमिनीचं गणित टायरच्या घेरावर चालतं. मागचा टायर मोठा झाला, एका फेऱ्यात पंधरा-सोळा सेंटीमीटर जास्त जायला लागला. पुढचा घासून लहान झाला. तेवढंच अंतर कापायला आता पुढच्या चाकाला ३३ फेरे पाहिजेत. जमीन म्हणते ३३, गिअर म्हणतो ३२. हा एक फेरा जाणार कुठं?

चिखलात, भुसभुशीत रानात तो घसरून जिरतो. म्हणून आपल्याला कळत नाही. फक्त पुढचा टायर झिजतो आणि डिझेल जास्त जातं. डांबरी रस्त्यावर टायर घसरत नाही, मग तो ताण शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो. लिव्हर जाम होतो तो याच ताणानं. ताण वाढतच गेला तर सगळ्यात कमजोर दात तुटतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पुढचं चाक मागच्यापेक्षा थोडं पुढं पळणारं पाहिजे, साधारण १ ते ५ टक्के. तरच ते ओढतं. वळताना पुढच्या चाकाला मागच्यापेक्षा लांबचा फेरा पडतो, त्यासाठीही ही जास्तीची चाल कामाला येते. माझं पुढचं चाक उलट ३ टक्के मागं पडत होतं. म्हणजे मागचं चाक त्याला ढकलत होतं आणि पुढचं ब्रेकसारखं अडून बसत होतं. जास्तीचे पैसे देऊन मी ट्रॅक्टरला ब्रेक लावून घेतला होता.

मोजायची पद्धत अशी. एक खडू आणि दोन माणसं पुरेत.

१. आधी चारही चाकांची हवा कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे करा. अवजार काढून ठेवा.

२. पुढच्या आणि मागच्या टायरवर खाली जमिनीजवळ खडूची खूण करा.

३. फोर-व्हील काढून घट्ट, सपाट जागेवर हळू आणि सरळ चालवा. मागचं चाक २० फेरे होईपर्यंत पुढचं किती फिरलं ते दुसऱ्या माणसानं सोबत चालत मोजायचं. अर्धा, पाव फेरासुद्धा धरायचा. हा पहिला आकडा.

४. आता नांगरलेल्या मऊ रानात फोर-व्हील घालून तसंच २० फेरे मोजा. रस्त्यावर हे करू नका. हा दुसरा आकडा.

५. दुसऱ्यातून पहिला वजा करा, पहिल्यानं भागा, १०० नं गुणा.

माझं आलं ३२ वजा ३३, म्हणजे उणे १. भागिले ३३, म्हणजे उणे ३ टक्के. उणे आलं की समजा टायर जुळत नाहीत. अधिक १ ते ५ च्या मधी आलं तर बिनघोर राहा. पाचाच्या वर गेलं तर पुढचं चाक गरजेपेक्षा जास्त पळतंय, तेही झिजतं आणि गिअरवर ताण येतोच.

मी काय केलं? १४.९ चे टायर शेजारच्या गावात टू-व्हील ट्रॅक्टरवाल्याला तोट्यात दिले. त्याचं पुढचं चाक मोकळंच फिरतं, त्याला हा हिशोब लागू नाही. मागं पुन्हा १३.६-२८ आणि पुढं ८.००-१८ ची नवीन जोडी टाकली. पुन्हा मोजलं : फोर-व्हील काढून ३१, घालून ३२. म्हणजे अधिक ३ टक्क्यांच्या थोडं वर. लिव्हर आता दोन बोटांनी निघतो.

टायर बदलताना एवढं ध्यानात ठेवा :

– पुस्तिकेत पुढच्या-मागच्या टायरची जी जोडी दिली आहे तीच घ्या. एकच नंबर मोठा करायचा नाही. करायचाच असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही हिशोबानं, आणि मोजून.

– नंबर एकच असला तरी दोन कंपन्यांच्या टायरचा घेर थोडा वेगळा असू शकतो. निदान डावा-उजवा तरी एकाच कंपनीचा, एकाच नक्षीचा आणि सारखाच घासलेला ठेवा. एक नवा, एक जुना अशी जोडी लावू नका.

– मागचे नवीन टाकले आणि पुढचे निम्मे घासलेले असले तर मोजल्याशिवाय फोर-व्हील घालू नका.

– साधा टायर आणि रेडियल टायर यांची सरमिसळ करू नका.

– डांबरी रस्त्यावर फोर-व्हील काढूनच चालवा. लिव्हर जाम झाला तर जोर लावू नका. थोडं सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटला की निघतो. वारंवार जाम होत असेल तर ती खराबी लिव्हरची नसते.

आता गड्याचं.

ऊसतोडीचा हंगाम संपून तो पाडव्याच्या आधी गावी आला. मी त्याच्या घरी गेलो. दहा हजार त्याच्या हातात दिले, टायरचं सगळं सांगितलं. मग त्याला सोबत घेऊन पाराजवळ गेलो आणि बसलेल्या माणसांसमोर म्हणालो, चूक माझी होती, यानं दोनदा सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

तो म्हणाला, "पैसे राहू द्या असं म्हणत नाही दादा, लागतेत. पण तवा असं चारचौघात बोलायला नव्हतं पाहिजे."

मी म्हणालो, "खरंय."

त्याची धाकटी पोरगी दुसरीत होती. त्यांच्यासोबत फडावर गेली, तिची शाळा चार महिने बुडाली. दहा हजार परत देता आले, हे देता येत नाही. मी त्याला पुन्हा सालाला ये म्हणालो. त्यानं आधीच दुसऱ्याला शब्द दिला होता. जिथं आहे तिथं चांगला आहे, वाटेत भेटला की राम राम होतो.

आता आमचा ट्रॅक्टर नवा पोरगा चालवतो. तो काही म्हणाला, "दादा, आवाज येतोय," "दादा, जड लागतंय," की मी हातातलं काम टाकून आधी जाऊन बघतो. दहातल्या आठ वेळा काही नसतं. तरी जातो. जो दिवसभर सीटवर बसतो त्याच्या हाताला जे कळतं ते मालकाला बांधावरून कळत नाही.

येत्या रविवारी खडू घ्या, मोजा. तुमचा आकडा अधिक आला का उणे, ते मला कळवा.