रिकिबीतला पाय

अंबाजोगाईत योगेश्वरीचं दर्शन झालं की दरीत उतरून मुकुंदराजांच्या समाधीला जायचं, हा अनेकांचा ठरलेला क्रम. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ चा मानतात. काळावरून पंडितांचे वाद आहेत, स्थळावर विदर्भातलं आंभोराही हक्क सांगतं, ते असो. मला ओढ आहे ती जैतपाळ राजाच्या आख्यायिकेची. रिकिबीत पाय ठेवल्यापासून घोड्यावर मांड टाकेपर्यंत ब्रह्म दाखवा, ही त्याची अट. ज्या साधूंना जमलं नाही ते कैदेत. जिज्ञासा खरी, पण तिच्या हातात चाबूक. मुकुंदराजांनी त्याला रागावर प्रवचन दिलं नाही. त्याचीच अट मान्य केली आणि तेवढ्या वेळात त्याला अनुभव दिला, म्हणतात. कैदेतले साधूही सुटले.

गुरू, शिष्य आणि राग हे त्रिकूट मला आणखी एकीकडे भेटतं. 'विवेकसिंधु'नंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या दान्तेने नरकाचं काव्य लिहिलं. त्यात नरकातून चाललेल्या दान्तेला वाट दाखवायला गुरू म्हणून रोमन कवी व्हर्जिल. पाचव्या वर्तुळात रागीट माणसं स्टिक्सच्या चिखलात एकमेकांना दातांनी फाडतात. आतल्या आत कुढणारे तळाशी, वर नुसते बुडबुडे. नावेतून जाताना फिलिप्पो आर्जेन्ती समोर येतो, दान्तेच्याच गावचा. दान्ते त्याला शाप देतो. गुरू काय करतो? गळ्यात हात टाकतो, मुका घेतो, शिष्याच्या आईला धन्य म्हणतो. वर शिष्य म्हणतो, आर्जेन्तीला चिखलात बुचकळलेला पाहायचंय. टीकाकार याला न्याय्य संताप म्हणतात. मला तरी ही गावकीतली जुनी खुन्नस वाटते. जैतपाळाला व्हर्जिल भेटला असता तर चाबकाचंही कौतुक झालं असतं की काय!

पण व्हर्जिल स्वतःही चिडतो, म्हणून जवळचा वाटतो. सैतानांनी खोटी वाट सांगितली हे कळताच तो ताडताड पुढे निघतो, शिष्य हिरमुसतो. इथली दान्तेची उपमा आष्टी-पाटोद्याच्या मेंढपाळाला समजावून सांगावी लागणार नाही. चारा संपलेला शेतकरी सकाळी उठतो, रान पांढरंफटक बघून मांडीवर हात मारून घेतो, घरात येरझाऱ्या घालत कुरकुरतो. पुन्हा बाहेर येतो तर ते बर्फ नव्हतंच, गोठलेलं दव, कधीच विरघळलंय. काठी उचलतो, मेंढरं हाकतो. गुरूचा चेहरा निवळलेला बघून शिष्याचं तसंच होतं.

पुढे खोटी नाणी पाडणारा आदामो आणि ट्रॉयला फसवणारा लबाड ग्रीक सिनोन तोंडाला तोंड लावून भांडत असतात. दान्ते रंगून ऐकतो. (पारावर जुंपली की आपण तरी कुठे हलतो?) आता मात्र व्हर्जिल डाफरतो, की आणखी थोडं बघत राहिलास तर तुझं-माझंच वाजेल. शिष्याला शरमेनं शब्द फुटत नाही, तशी गुरू लगेच माफीही देतो; असली भांडणं ऐकायची हौस हलकी, एवढं सुनावून. आर्जेन्तीला चिखलातले लोक फाडत होते तेव्हा शिष्यानं हौसेनंच बघितलं होतं, त्याबद्दल मात्र दोघांपैकी कुणी चकार शब्द काढत नाही.