पोलंडमधली माझी पोटदुखी

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी पोलंडला गेले. फिरायला नव्हे, बाळंतपणाला. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त वॉर्सात राहतो. भावजयेचं पहिलंच बाळंतपण. खरं तर अम्मी जाणार होती, पण तिच्या गुडघ्यांनी नकार दिला आणि बॅगेत आळीव, डिंक, मेथ्या भरून मी निघाले.

निघताना एकच काळजी होती, खाण्याची. डुकराचं मांस तिथे घरोघरी खातात, हे ऐकून होते. भावाला फोनवर विचारलं, तर तो हसला. ‘‘आपा, उपाशी नाही मरणार तू. फक्त विचारून खायचं.’’

विचारून खायचं! हे दोन शब्द किती अवघड आहेत, हे मला तिथे कळलं.

भावाच्या समोरच्या दारात एक आजी राहत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. भाऊ त्यांना ‘पानी’ म्हणायचा. पहिल्या दिवशी जिन्यात त्याने ‘पानी’ म्हणताच मी पाण्याची बाटली पुढे केली! पोलिश भाषेत बाईमाणसाला आदराने ‘पानी’ म्हणतात, हे मग समजलं. पण मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी आजींनी मला हाताला धरून घरी नेलं. दारातच चपला काढल्या. तिथेही बाहेरच्या चपला घरात आणत नाहीत. पाहुण्यांसाठी घरात घालायच्या सपाता दाराशीच ठेवलेल्या असतात. पाहुणा घरात आला म्हणजे देव घरात आला, अशी त्यांची म्हण आहे. आपण मेहमानाला अल्लाहची रहमत म्हणतो, तसंच.

टेबलावर वाफाळती बशी आली. पिएरोगी. आपल्या करंजीच्या आकाराचे, पण उकडलेले. आत बटाटा आणि पनीरसारखं ताजं चीज. बघून जीव सुखावला. मग वर नजर गेली. पिएरोगीवर तळलेले, चकचकीत, लालसर तुकडे पेरले होते. ते कशाचे, हे न विचारताही कळलं.

आजी समोर बसून कौतुकाने बघत होत्या. हातातला काटा जड झाला. नाही कसं म्हणू? काय सांगू? त्यांना दुखावलं तर? मी पोटावर हात ठेवला, तोंड वाकडं केलं आणि खुणेनेच सांगितलं, पोट दुखतंय. आजींचा चेहरा काळजीने भरला. मी घरी पळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात आजी, हातात झाकण ठेवलेलं पातेलं. आत सोनेरी, पातळ, गरमागरम कोंबडीचं सूप, त्यात गाजराचे तुकडे आणि बारीक शेवया. रोसुव म्हणतात त्याला. पोलंडमध्ये रविवारच्या जेवणात ते असतं आणि आजारी माणसालाही तेच देतात. त्या माउलीने सकाळपासून मंद आचेवर शिजवलं होतं, माझ्या न दुखणाऱ्या पोटासाठी!

कोंबडी अर्थातच हलाल नव्हती. पातेलं ओट्यावर ठेवून मी बघत राहिले. वीस वर्षं वर्गात मुलांना खरं बोलायला शिकवते आणि इथे एका खोट्याने म्हातारीला दिवसभर चुलीपाशी उभं केलं. संध्याकाळी भाऊ आला. सगळं ऐकून म्हणाला, ‘‘आपा, हे सूप आपण ओतून द्यायचं नाही. चल, परत देऊ आणि खरं सांगू.’’

भरलेलं पातेलं परत न्यायला मला जी लाज वाटली, ती आयुष्यात क्वचितच वाटली असेल. भाऊ पोलिशमध्ये बोलत होता. मी खाली मान घालून उभी. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, आणि भावाने मला मराठीत सांगितलं, ‘‘माझी आई शुक्रवारी घरात मांस शिजवत नसे. नाताळच्या आदल्या रात्री आम्ही आजही मांसाला शिवत नाही. पहिला तारा दिसेपर्यंत जेवतही नाही. काय खात नाही हे सांगायला लाज कसली?’’

मला एकदम रोजा आठवला. आपण मगरिबच्या अजानची वाट पाहतो, ते ताऱ्याची पाहतात. त्या रात्री टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. अचानक कुणी दार ठोठावलं तर त्याच्यासाठी.

मग आजींनी फ्रीज उघडला. चष्मा लावून एकेक डबा, पाकीट काढलं आणि मला शब्द शिकवायला बसल्या. ‘व्येपशोविना’ म्हणजे डुकराचं मांस. ‘स्मालेत्स’ म्हणजे त्याची चरबी. पिएरोगीवरचे ते तुकडे म्हणजे ‘स्क्वार्की’. ‘झेलातिना’ म्हणजे जिलेटिन, ते गोळ्या-चॉकलेटांतही सापडतं. मी वहीत देवनागरीत लिहून घेतलं. शिक्षिकेची विद्यार्थिनी झाले!

त्या वहीने माझं पोलंड उघडलं. गल्लोगल्ली कबाबची दुकानं दिसतात, पण कबाब लिहिलं म्हणजे हलाल, असं नाही. तेही विचारावं लागतं. उलट ‘बार म्लेच्नी’ नावाच्या स्वस्त खानावळीत मी निर्धास्त जेवले. नावाचा अर्थ दुधाचा बार. वॉर्सातली पहिली अशी खानावळ 1896 साली निघाली. दूध, पीठ, अंडी यांचे पदार्थ मुख्य. गोड चीज भरलेली धिरडी, बकव्हीटचा मोकळा भात, आणि फळं उकळून केलेलं कोम्पोत. जेवल्यावर आपलं ताट आपणच खिडकीत नेऊन ठेवायचं.

उन्हाळ्यातलं थंड सूप, ह्वोद्निक, बघून तर मी भावाला म्हटलं, ‘‘ही तर सोलकढी!’’ तोच गुलाबी रंग. पण तो कोवळ्या बीटाचा, ताकासारख्या आंबट केफिरमधला. त्यात मुळा, काकडी, शेपू आणि वर उकडलेलं अंडं.

आजींकडची एक गोष्ट मनात घर करून आहे. पावाचा तुकडा जमिनीवर पडला. त्यांनी उचलला, ओठांना लावला आणि बाजूला ठेवला. आमची अम्मी भाकरीचा तुकडा अगदी असाच उचलते. रिज्क आहे, म्हणते. त्या दोघी एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण हा तुकडा त्या दोघींचा आहे.

मेच्या मध्यावर पुतणी झाली. अल्हम्दुलिल्लाह, दोघी सुखरूप. आठवड्याने आजी दारात हजर. हातात पातेलं नाही, पिशवी. भावाला म्हणाल्या, ‘‘तुमच्या दुकानातली कोंबडी आणून दे.’’ भावाने अरबी दुकानातून हलाल कोंबडी आणली. आजींनी आमच्याच ओट्यावर, आमच्याच पातेल्यात बाळंतिणीसाठी रोसुव केलं. मीही दोन वाट्या प्याले. पोट अजिबात दुखलं नाही!

सूप पिताना आजी म्हणाल्या, ‘‘तुमचे लोक इथे नवे नाहीत. ब्याविस्तोककडे जाऊन बघा.’’ जूनमधल्या एका रविवारी त्या बाळ-बाळंतिणीजवळ बसल्या आणि आम्ही भावंडं पूर्वेला, बेलारूसच्या सीमेजवळच्या क्रुशिन्यानी गावी गेलो.

गर्द झाडीत हिरव्या रंगाची लाकडी मशीद. दोन मनोरे. दुरून खेड्यातलं चर्च वाटावं अशी, कारण बांधणारे सुतार इथलेच. 1679 साली राजा यान सोबियेस्की याने आपल्या फौजेतल्या तातार मुसलमान सैनिकांना थकलेल्या पगाराच्या बदल्यात इथे जमिनी दिल्या. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्यानंतर 5 वर्षांनी. तेव्हापासून त्यांचे वंशज इथे आहेत. कबरस्तानाला ते ‘मिझार’ म्हणतात, आपलं मजारच. कबरींवर चंद्रकोर, अरबी अक्षरं आणि खाली पोलिश नावं. त्यांची मूळ तातार भाषा कधीच सुटली. पूर्वजांच्या हस्तलिखित किताबांत लिपी अरबी, पण भाषा तिथलीच.

मी दोन रकात नफिल अदा केली. बाहेर भेटलेल्या एका तातार बाईंनी विचारलं, ‘‘घरी अरबी बोलता?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, मराठी.’’ त्यांनी हे नाव ऐकलं नव्हतं. हसून म्हणाल्या, ‘‘आम्ही पोलिश.’’ आणखी काही विचारलं नाही. ‘मुसलमान असून इतकं छान मराठी?’ हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन! तुम्हीही ऐकला असेल. त्या बाईंपुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तिथे पिएरेकाचेव्निक खाल्लं. चिरोट्याला साटा लावतो तसं पातळ पोळ्यांना तूप लावायचं, एकावर एक रचायच्या, आत खिमा भरून गुंडाळायचं आणि भाजायचं. हलाल आहे का, हे मी विचारलं. तातारांच्या घरीही विचारलं! मालकीणबाईंनी आनंदाने सांगितलं.

शाळा सुरू होण्याआधी मी परतले. आणि एक गोष्ट डोक्यात फिरू लागली.

आमच्या शेजारच्या मराठी शाळेतल्या एक बाई माझ्या जुन्या मैत्रीण. दर ईदला मी त्यांच्याकडे शिरखुर्म्याचा डबा पाठवायची. दर वेळी त्या म्हणायच्या, ‘‘अहो, मला शुगर आहे.’’ पण संक्रांतीला तीळगूळ मात्र आवडीने खायच्या. माझं लक्ष कधी गेलंच नव्हतं. त्यांची शुगर आणि माझी पोटदुखी एकच होती.

यंदाच्या ईदआधी मी सरळ विचारलं, ‘‘बाई, तुमच्याकडे काय चालतं?’’ त्या क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, ‘‘सासूबाई आहेत हो घरी. मांस शिजतं त्या भांड्यातलं त्यांना चालत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...’’

ईदच्या सकाळी मी त्यांच्याकडे कोऱ्या पिशवीतून शेवया, खारीक, चारोळी, बदाम आणि दुधाच्या दोन पिशव्या पाठवल्या. संध्याकाळी फोन आला. पलीकडून बाई नव्हे, त्यांच्या सासूबाई बोलत होत्या.

‘‘शेवया आधी तुपात परतायच्या, की तशाच दुधात टाकायच्या गं?’’