उठाठेवीचा पगार

पुणे, १४ जून

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता दोनदा वाचला. पहिल्यांदा मावशी म्हणून, दुसऱ्यांदा हिशेबनीस म्हणून. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती.

बंद पडलेल्या छापखान्याचा वरचा मजला भाड्याने घ्यायचा आणि साखरशाळा चालवणारा मुलगा, गांडूळखतवाल्या दोघी, कापडी पॅड शिवून घेणारी ती तुझी मैत्रीण, अशा सगळ्यांना एका छताखाली टेबलं द्यायची, ही कल्पना मला आवडली. आवडली नसती तर दोन ओळींत मोकळी झाले असते. तक्त्यात २४ टेबलं आहेत, २४ खुर्च्या, दोन एसी, इन्व्हर्टर, वाय-फाय, पाण्याचा फिल्टर, इतकंच काय, भिंतीवर चित्र काढणाऱ्या मुलाचे १५ हजारसुद्धा आहेत. माणूस मात्र एकही नाही. 'सगळे आपलेच आहेत, आपणच बघू' असं तू खाली लिहिलंयस. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

इथे पुण्यात अशाच एका जागेत बसणाऱ्या तीन संस्थांची खाती मी लिहीत असे. जागा देखणी होती. काचेची दालनं, कॉफीचं मशीन, खिडकीत मनीप्लांट. सुरुवातीला दाराशी एक मुलगी बसायची. कोण आलं, कोणाला काय हवंय, हे तिला तोंडपाठ. पैशांची ओढाताण सुरू झाल्यावर चालकांनी पहिली काट तिच्या पगारावर मारली. पुढे सगळे कानाला हेडफोन लावून बसायला लागले.

एका मार्चमध्ये व्हाउचरं लावताना माझ्या लक्षात आलं की दोन संस्थांच्या प्रवासखर्चावर एकाच जीपवाल्याची सही आहे. वेल्ह्याकडचा जीपवाला होता. एक संस्था तिथल्या शाळांत मुलींची रक्ततपासणी करत होती आणि दुसरी त्याच शाळांत परसबागा लावत होती. आठ महिने हे लोक एकमेकांपासून दहा फुटांवर बसले होते, आणि त्याच घाटातून वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं भाडं भरून जात होते. एकाच्या वहीतलं दुसऱ्याला सांगू नये हा आमच्या धंद्याचा नियम. तो मी त्या दिवशी मोडला. दोन्ही संस्थांना चहाला बोलावलं आणि जीपवाल्याचं नाव घेतलं, बस. पुढच्या महिन्यापासून जीप एकच झाली, आणि परसबागेतली पालेभाजी कुठल्या मुलींच्या ताटात आधी जायला हवी, हेही ठरलं. तुझे मावसोबा म्हणाले, ही नसती उठाठेव आहे. असेल. पण ती जागा लोक भाडं देऊन ज्यासाठी घेतात ते हेच, टेबल नव्हे. टेबल काय, घरी जेवणाचंही असतं.

ती जागा दीड वर्षात बंद झाली. भाडं परवडेना हे कारण सगळ्यांनी सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण खुर्च्या आधी रिकाम्या झाल्या होत्या.

आता टोरांटोचं सांगते. २०१३ साली प्रसादकडे गेले होते तेव्हा सूनबाई मला बॅथर्स्ट स्ट्रीटवरच्या सेंटर फॉर सोशल इनोव्हेशनमध्ये घेऊन गेली. या लोकांनी २००४ मध्ये स्पाडिना अव्हेन्यूवरच्या एका जुन्या इमारतीत ५ हजार चौरस फुटांत चौदा छोट्या संस्था घेऊन सुरुवात केली. प्रत्येकीने आपलं झेरॉक्स मशीन आणि महिन्यातून दोनदा लागणारी बैठकीची खोली वेगळी का पोसायची, असा साधा हिशेब होता. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांचा 'सॅलड क्लब' होता. प्रत्येकाने एकेक जिन्नस आणायचा, मोठ्या वाडग्यांत चिरायचा आणि मिळून जेवायचं. मी म्हटलं, अगं ही तर अंगतपंगत! मी काकडीची कोशिंबीर नेली होती, वर दाण्याचं कूट सढळ हाताने. डबा उघडला तशी गळ्यात ओळखपत्र असलेली एक पोरगी हसत आली. तिने कागदाच्या चिटोऱ्यावर 'शेंगदाणे' असं लिहून माझ्या डब्याला टेकवलं, डबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि चमचाही वेगळा ठेवला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका माणसाला शेंगदाण्याचा वास लागला तरी गळा सुजतो म्हणे. मग त्याच पोरीने मला एका बाईशेजारी बसवलं, कारण ती बाई नव्याने आलेल्या परदेशी हिशेबनिसांना काम मिळवून द्यायची. मी पाहुणी आहे, नोकरीला आलेली नाही, हे त्या बाईला पटायला वेळ लागला.

ती पोरगी पगारी नव्हती, पण फुकटही राबत नव्हती. आठवड्यातली एक पाळी दाराशी बसायचं आणि त्या बदल्यात उरलेले दिवस आपल्या कामाला टेबल वापरायचं, अशी त्यांची पद्धत. अशा पाळीवाल्यांवर पगारी माणसंही होती. लंडनला इझलिंग्टनमधल्या एका जुन्या वखारीच्या माडीवर २००५ मध्ये 'हब' निघालं, आज ते 'इम्पॅक्ट हब' नावाने शंभराहून जास्त शहरांत आहे. त्यांनीही या कामाला पहिल्यापासून 'होस्ट' असं नाव देऊन माणूस नेमला. आपल्याकडे अशा माणसाला चोंबडा म्हणतात आणि त्याच्याकडून फुकट काम करून घेतात.

टोरांटोवाल्यांची दुसरी गोष्ट म्हणजे, भाड्याचं दुखणं त्यांनी मुळातून काढायला घेतलं. बॅथर्स्ट स्ट्रीटची ती ३६ हजार चौरस फुटांची इमारत त्यांनी २०१० मध्ये विकतच घेतली. कर्ज काढलं, आणि २० लाख डॉलर आपल्याच लोकांकडून रोखे काढून उभे केले. किमान १० हजार डॉलर, व्याज ४ टक्के. नगरपालिका कर्जाला जामीन राहिली. हे ऐकून तू लगेच उडी मारशील, म्हणून आधीच सांगते. आपल्याकडे सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय कर्ज काढता येत नाही, आणि कलम ८ च्या कंपनीने लोकांकडून ठेवी गोळा करायच्या म्हटलं तर कायदा आडवा येतो. सेबीने २०२२ मध्ये सोशल स्टॉक एक्स्चेंजची चौकट आणली. त्यात 'झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल' असा एक रोखा आहे, म्हणजे व्याजही नाही आणि मुद्दलही परत नाही. आमच्या आजीच्या काळी याला देणगी म्हणत. तुझ्या मजल्याला त्याचा उपयोग नाही.

तेव्हा भाडंच. तुझ्या तक्त्यात ते ३८ हजार आहे, टेबलाचे अडीच हजार. चोवीसच्या चोवीस भरली तर ६० हजार येतात, पण तसं पहिल्या वर्षी होत नाही. बारा धर, म्हणजे ३० हजार. आठ हजारांचा खड्डा, वीजबिल वेगळं. एसी काढ. भिंतीवरचं चित्रही पुढच्या वर्षी. त्याऐवजी १२ हजारांची एक अर्धवेळ बाई धर आणि तिला तक्त्यात पहिल्या ओळीत लिही. खड्डा मोठा होतो हे मला दिसतंय. तरी लिही. तो वर्षभर कसा भरायचा हे आपण बसून बघू. पण तिच्याशिवायचा खड्डा भरतच नाही, हे मी स्वतः लिहिलेल्या खात्यांत पाहिलं आहे. गांडूळखतवाल्या दोघींपैकी जी जास्त बोलते ती मला या कामाला योग्य वाटते. आठवड्यातली एकेक पाळी इतरांनी टेबलाच्या बदल्यात करावी.

जीएसटी नोंदणीची घाई नको. सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंत ती लागत नाही, आणि तू १८ टक्के लावलेस तर साखरशाळावाल्याला ते कुठूनच परत मिळणार नाहीत.

करार मात्र वाचल्याशिवाय सही करू नकोस. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदवायची गरज नाही' असं मालक म्हणाले असं तू लिहितेस. ते चूक आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मुदत कितीही असो, लीव्ह अँड लायसन्स नोंदवावाच लागतो. आणि त्यात 'इतर संस्थांना वापरायला देण्याची परवानगी' हे शब्द हवेत, नाहीतर तुझा सगळा उद्योगच कराराचा भंग ठरेल. दोन-तीन संस्था टेबलापेक्षा पत्त्यासाठी येतील. त्यांना नोंदणीसाठी मालकाचं ना हरकत पत्र आणि वीजबिल लागतं, तेही आत्ताच ठरवून घे. जिन्याजवळची भिंत पाट्यांसाठी मोकळी ठेव. कंपनीला नावाची पाटी बाहेर लावावीच लागते, आणि त्या मुलांना त्या पाटीचा काय आनंद होतो ते तू बघशीलच.

छापखान्याच्या प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढून ठेव. मालक एकटेच बोलतायत, पण कार्डावर किती भावांची नावं आहेत ते बघायचं आहे. शुक्रवारी कोयना एक्सप्रेसने येते. शनिवारी सकाळी आपण दोघी त्यांच्याकडे जाऊ. बोलेन मी, तू फक्त पाणी पी.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
उषामावशी

ता. क. कोशिंबीर आणणार आहे. कूट वेगळ्या डबीत.