कानांची काटकसर

रेडिओच्या काळात घरातला आवाज हा सामाईक असे. फडताळावरच्या त्या पेटीतून जे काही बाहेर पडेल, ते आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांच्या वाट्याला सारखेच येई. आज आवाजाच्या वाटण्या झाल्या आहेत. एकाच खोलीत तिघे बसतात आणि तिघांच्या कानांत तीन निरनिराळी जगे नांदतात. याबद्दल सुस्कारे टाकणाऱ्यांत मी नाही. आमच्या इंदूरच्या तीन खोल्यांच्या घरात मुलाचा खेळ, माझे गाणे आणि सौभाग्यवतींची मालिका एकाच वेळी गुण्यागोविंदाने चालतात, याचे श्रेय हेडफोनलाच दिले पाहिजे.

यंदा घरातला जुना हेडफोन निकामी झाला आणि नवा घेण्याचा प्रश्न उभा राहिला. दोन हजार रुपयांच्या आत, आणि दोघांत मिळून एकच, असे ठरले. चिरंजीव अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहेत. संध्याकाळी ते संगणकावर लढाया खेळतात. मला रात्री जेवणानंतर तासभर कुमार गंधर्व किंवा अमीर खाँसाहेब ऐकल्याशिवाय झोप येत नाही. कुठे त्या गोळ्यांच्या फैरी आणि कुठे विलंबित ख्याल! दोघांना एकच वस्तू कशी पुरणार, अशी शंका सौभाग्यवतींनी काढली, आणि ती वाजवी होती.

पण विचार केल्यावर ध्यानात आले, की या दोन गरजा वरवर भिन्न असल्या तरी मुळात एकच आहेत. खेळणाऱ्याला हवा असतो कानोसा. शत्रूचे पाऊल डावीकडे वाजले की मागे, दाराआड कोणी बंदूक भरली काय, हे त्याला कळले पाहिजे. मला हवी असते तानपुऱ्याची जवारी आणि स्वर संपल्यावर मागे रेंगाळणारी आस. म्हणजे दोघांनाही बारीक आवाज स्वच्छ ऐकू यायला हवा. दणका दोघांनाही नको.

बाजारात मात्र दणकाच विकला जातो. जेल रोडवरील दुकानदाराने पहिलाच हेडफोन पुढे करून ग्वाही दिली, “सर, बास तो देखो, छाती हिल जाएगी!” छाती हलवणारा तो खर्ज पावलांचा आवाज गिळतो आणि तबल्याच्या डग्ग्याखाली गायकाला पुरून टाकतो. काही खोक्यांवर ७.१ असा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. या किमतीत प्रत्येक कानाशी ध्वनी निर्माण करणारा पडदा सहसा एकच असतो. सभोवतालच्या आवाजाचा भास पुढे गणिताने घडवला जातो. पुष्कळ खेळांत ती सोय मुळातच असल्यामुळे त्या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरा आकडा २० ते २०,००० हर्ट्‌झचा. तो जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो, म्हणून निवडीला निरुपयोगी. मुलाने गंमत म्हणून मोबाईलवर चढत जाणारा एक स्वर लावला. मला तो १२,००० च्या अलीकडेच दिसेनासा झाला. मुलगा १६,००० पर्यंत मान डोलावत होता. “बाबा, अजून वाजतोय, तुम्हांला खरंच येत नाही ऐकू?” त्याने विचारले. वय माणसाला वरच्या पट्टीपासून लुटू लागते, ते असे.

बिनतारी हेडफोन आम्ही बाजूला ठेवला. ब्लूटूथवरून आवाज कानी पोचायला साधारणतः सेकंदाचा दशांश किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. गाण्यात तो विलंब जाणवत नाही. खेळात मात्र शत्रू आधी दिसतो आणि पाऊल मागून वाजते. वेगळ्या यूएसबी ग्राहकावर चालणारे बिनतारी प्रकार जलद असतात, पण महाग. तार स्वस्त, तत्पर आणि चार्जिंगच्या कटकटीतून मुक्त. एवढे मात्र आधी पाहावे, की संगणकाला एकच छिद्र आहे की ध्वनी आणि माइक यांसाठी दोन, आणि मोबाईलला मुळात छिद्र आहे की नाही. नाहीतर जोडतुकड्याचा खर्च वाढतो.

आता मूळ मुद्दा. आमच्या शाळेत गेल्या वर्षी अकरावीतला एक हुशार मुलगा हजेरीला उत्तर देईनासा झाला. शिक्षकांना ते उर्मटपण वाटले. त्याच्या आईला बोलावून कान तपासून घ्यावयास सांगितले, तेव्हा वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती उणावल्याचे आढळले. रोज रात्री दोन-तीन तास इअरफोन पूर्ण आवाजात लावल्याचे ते फळ असावे, असे डॉक्टरांचे मत पडले. आता तो पहिल्या बाकावर बसतो.

आपल्या अंतःकर्णात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात आणि एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित. ९० डेसिबल झाला की तीच मर्यादा ४ तासांवर येते. दहा डेसिबलची ही चैन दहापट महाग पडते. खरे अंदाजपत्रक रुपयांचे नाही, या तासांचे आहे.

म्हणून आम्ही कसोटी बदलली. दुकानाबाहेर रिक्षांचा कलकलाट चालू असताना, आवाज निम्म्याहून खाली ठेवून, कुठल्या हेडफोनमधून तानपुरा ऐकू येतो हे पाहिले. पाठीमागून उघडे असलेले हेडफोन स्वराला मोकळे ठेवतात, पण बाहेरचा गलबला आत घेतात आणि मग हात आपोआप आवाज वाढवतो. कान पूर्ण झाकणारा, मऊ गादीचा, बंद पाठीचा एक साधा हेडफोन या परीक्षेत उतरला. चष्म्याच्या काड्यांवर तो टोचत नाही ना, हे पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवून पाहिले आणि १,६०० रुपयांना घेतला. माळव्याच्या वैशाखात कानांना घाम येईल. तेव्हा तासाभराने तो काढावा लागेल, आणि ती विश्रांती कानांच्या पथ्याचीच आहे.

घरात नियम एवढाच केला आहे, की हेडफोन घातलेल्याला हातभर अंतरावरून साध्या आवाजात मारलेली हाक ऐकू आली पाहिजे. मुलगा कुरकुरतो, पण पाळतो. माझे वरचे स्वर गेले ते गेले. त्याचे मात्र अजून शाबूत आहेत, आणि माझ्या वयाला पोचेपर्यंत ते त्याला पुरवायचे आहेत.