कॅम्प ४ मधील तीन पत्ती

२०२५ च्या दिवाळीत आम्हांस उल्हासनगरास जावे लागले. हौसेने नव्हे. धाकट्या बंधूंचा मुलगा तेथे कॅम्प ४ मध्ये भाड्याने राहतो. त्याने तीन महिन्यांचे भाडे थकविल्याची वार्ता घरी आली आणि वडीलकीच्या नात्याने चौकशीचे काम आमच्या गळ्यात पडले.

कल्याणहून अंबरनाथच्या बाजूस निघाले की पहिलेच स्थानक विठ्ठलवाडी. रुळांच्या पूर्वेस कॅम्प ४ व ५, पश्चिमेस पहिले तीन. 'कॅम्प' हा शब्द दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीचा अवशेष होय. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस त्याच बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली. आता बराकी शोधाव्या लागतात. मजल्यांवर मजले चढले आहेत. सणामुळे जीन्स शिवण्याची यंत्रे बंद होती, तरी गल्लीत निळ्या चिंध्यांवरूनच चालावे लागे.

पुतण्या गणितात हुशार. पूर्वी तो मोबाइलवर पोकर खेळे. २०२५ च्या ऑगस्टात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, तेव्हापासून तो शेजारच्या तीन पत्तीच्या मंडळात बसू लागला. सिंधी शेजाऱ्यांनी मुलगा बिघडविला, असे आमच्या भावजयीचे म्हणणे. ते आम्हांस मान्य नाही. दशावतारी गंजिफेची एकशेवीस पाने ज्यांच्या सावंतवाडीत रंगविली जातात, त्यांनी तरी पत्त्यांचे खापर परक्याच्या माथी फोडू नये.

रागावण्याची सारी तयारी करून आम्ही गेलो होतो. त्याने कागद पुढे केला.

"काका, येथील गडी कच्चे आहेत. पाने न पाहताच पैसे लावतात, पाने पाहिली तरी डाव सोडीत नाहीत. अशांपुढे मला तोटा होईलच कसा?"

कागदावरील हिशेब असा. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येतात. आपल्या हाती एक्क्यांची जोडी असता तिला मारणारे कलर, सिक्वेन्स, ट्रेल वगैरे सारे हात मिळून १,९१६, म्हणजे शंभरात सुमारे नऊ. समोर एकच गडी असून दोघांनी शंभर शंभर रुपये लावले, तर शंभर डावांत आपण एक्याण्णव जिंकतो. दर डावास सरासरी ब्याऐंशी रुपये सुटतात. आता न उठणारे चार गडी घ्या. चौघांनाही मागे टाकण्याचा योग शंभरात सुमारे सत्तरच. परंतु जिंकल्यास चारशे मिळतात. सरासरी लाभ अडीचशे!

रात्री आम्ही तो हिशेब दोनदा तपासला. चूक सापडेना, आणि खरे सांगावयाचे तर थोडे वाईटही वाटले. पहाटे लक्षात आले की चूक बेरजेत नाही, खिशात आहे. एका गड्यापुढे शंभरात नऊ डाव जातात, चौघांपुढे तीस. लागोपाठ तीन डाव जाण्याचा प्रसंग एकापुढे हजारांत एकदाही येत नाही. चौघांपुढे सत्तावीस वेळा येतो. नफा तिप्पट, पण तो हाती पडेपर्यंत टिकावयास पुंजीही तशीच हवी. शिवाय एक्क्यांची जोडी येते सरासरी सत्याहत्तर डावांत एकदा. मधल्या डावांचा बूट कोण भरणार? जाणत्यास हूल देऊन उठविता येते. जो उठतच नाही त्याला हूल कसली देणार? पुतण्याजवळ पुंजी होती ती भाड्याची.

त्याला आम्ही विराटपर्वाची आठवण दिली. शकुनीपुढे कच्चा ठरलेला युधिष्ठिर वनवासात बृहदश्व ऋषींकडून अक्षहृदय शिकला आणि कंक होऊन विराटाच्या सभेत बसला. तेथे द्यूतात मिळालेले धन तो गुपचूप भावांस देई. नफा झालाच! पुढे बृहन्नडेच्या स्तुतीने चिडून विराटाने फासा त्याच्या तोंडावर फेकला आणि नाकातून रक्त आले.

"त्यांनी फासा फेकला, काका. येथे चाचा हसतात," तो म्हणाला.

ते चाचा आम्ही सायंकाळी पाहिले. सत्तरीचे, कापड कापण्याच्या कामावरचे. पाने उलटीच ठेवून 'ब्लाइंड' म्हणत आणि नोट टाकीत. आम्हीही बसलो, बूट भरला आणि प्रत्येक वेळी डाव सोडला. एकशेवीस रुपये गेले. पुतण्याने त्या रात्री नऊशे जिंकले, त्यांतले सातशे चाचांचे. उठताना चाचांनी दुसऱ्या खिशातली घडी केलेली नोट काढून पाहिली व परत ठेवली. ती दुधाची होती, असे त्यांच्या सूनबाईंच्या बोलण्यावरून कळले.

जिन्यात आम्ही पुतण्यास विचारले, "हे उठून गेले तर?"

"मग उरतील ते माझ्याइतकेच जाणते. त्यांच्याकडून काय मिळणार?"

तीन महिन्यांचे भाडे आम्ही घरमालकाच्या हाती दिले, त्याच्या नव्हे. सकाळी तो विठ्ठलवाडीपर्यंत पिशवी घेऊन आला. वाटेत चाचा भेटले. दुधाची किटली हातात होती. "मास्तरजी, आप बहुत संभलकर खेलते हो. पुढच्या दिवाळीला जरूर या," म्हणाले. पुतण्या त्या वेळी दुसरीकडे पाहत होता. लोकल आली तेव्हा त्याने खिशातून सात नोटा काढल्या, मोजल्या आणि गल्लीच्या दिशेने परत फिरला. चाचांकडे गेला की मंडळात, ते डब्यातून दिसले नाही.